शिवेखालचा कोळसा

बोरोवित्सा, ८ मार्च १७७४

ओनुफ्री,

येशूची स्तुती असो. तुझं पत्र येत नाही म्हणून मीच लिहायला बसले. पाणचक्कीवाला प्रोकोप म्हणतो, पुलावरचे व्हिएन्नाचे शिपाई त्याच्या पिठाच्या गोण्यांत कोपरापर्यंत हात घालून बघतात, पण डोक्यावरच्या टोपीत बघायचं अजून कुणाला सुचलेलं नाही. हे पत्र त्या टोपीतून येतं आहे. वास आला तर नाक दाबून वाच.

दीड वर्ष होऊन गेलं. तीन शेजारी राज्यांनी मिळून आपलं प्रजासत्ताक समोर ठेवलं आणि ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने ओढून घेतलं. तुझं कामिओंका व्हिएन्नाच्या महाराणीकडे गेलं. माझं बोरोवित्सा राहिलं. रोज सकाळी मी शाल पांघरून नदीपर्यंत जाते, पाणचक्कीच्या फाट्यापलीकडे त्या शिपायांचे पांढरे कोट दिसतात, आणि मी मनात म्हणते, अलीकडे नाहीत. मग घरी येऊन कोंबड्यांना दाणे टाकते.

ही काही मोठी देशभक्ती नव्हे. उरलेल्या देशात काय उरलं आहे ते मला दिसतं. आपलेच सरदार रशियाच्या राजदूताच्या दारात टोप्या काढून उभे असतात आणि आत बोलावलं की एकमेकांना ढकलतात. पण माझा अंब्रोझी इथे पुरलेला आहे, चर्चच्या भिंतीपाशी. रशियाविरुद्धच्या बंडातून त्याला गाडीत घालून आणलं तेव्हा पोट फाटलेलं होतं, आणि शुद्ध होती तोवर तो एकच विचारत होता, "आपल्या हद्दीत आलो का गं?" मी हो म्हटलं. तेव्हा ते खरं होतं. ते खरंच राहावं एवढंच मला हवं आहे. नाहीतर तो जागचा न हलता परक्या देशात जाईल.

डिसेंबरात तू ल्वूवला जाऊन त्या महाराणीबाईच्या तसबिरीपुढे निष्ठेची शपथ घेऊन आलास, त्याबद्दल मी काही बोलले नाही. जमीन जाते म्हटल्यावर सगळ्यांनीच घेतली. पण प्रोकोप म्हणतो, सीमा आखायला आलेला त्यांचा मोजणीवाला कप्तान तुझ्याच घरी उतरला आहे. खरं का? असेल तर त्याला बाबांच्या टेबलावर जेवू घालू नकोस. दुसरं टेबल आहे ना घरात?

तेक्ला

*

कामिओंका, १९ मार्च १७७४

प्रिय ताई,

वास आला. प्रोकोपने डोकं धुतलं तर दोन राज्यांचं भलं होईल.

होय, कप्तान फेल्डर माझ्याकडे आहे. तीन आठवडे झाले. तू समजतेस तसा राक्षस नाही. बुटाला चिखल लागला तर दारातच पुसतो, जे आपल्या अर्ध्या जहागीरदारांना जमत नाही. पितळेचं तिपाई यंत्र घेऊन दिवसभर हिंडतो, एका डोळ्याने बघतो, आकडे लिहितो आणि भुकेने अर्धमेला होऊन परत येतो. बाबांच्या टेबलाचं म्हणशील तर दुसऱ्याचा एक पाय तुझ्या भावजयीने, युस्तिनाने, सरपणात घातला आहे, मी काय करू? आणि हो, उपासाच्या महिन्यात घरात सॉसेज शिजतं हेही प्रोकोप तुला सांगेलच, तेव्हा मीच सांगतो. मोजणीवरच्या माणसाला उपास माफ असतो असं कप्तान म्हणतो. आता पाहुण्याने एकट्याने खायचं आणि यजमानाने त्याच्याकडे बघत बसायचं, हे काही बरं दिसत नाही.

कास्पर यावोर्स्की परवा पुन्हा कुरणात गुरं घालून गेला. माझ्या कुरणात! बावीस वर्षं खटला चालू आहे, त्यात चार न्यायाधीश मेले, पाचव्याला ऐकू येत नाही. 'कामिओंकाची जमीन नदीपर्यंत' असं आपल्या सनदेत आहे, आणि तो लबाड म्हणतो की नदी म्हणजे पाणचक्कीचा फाटा, पलीकडचं कुरण त्याचं. मी मरेपर्यंत सांगेन की नदी म्हणजे लव्हाळ्याचा फाटा.

गंमत म्हणजे कप्तानानेही तेच विचारलं. तहात नुसतं 'नदीपर्यंत' लिहिलं आहे. तिकडे बसून लिहिणाऱ्यांना काय कल्पना, की आपली नदी मध्येच रुसून दोन होते आणि तीन कोस गेल्यावर पुन्हा एक होते! मी म्हटलं, जुने कागद काढून बघतो.

एक काम होतं. तळ्याचा बांध खचला आहे. तुझा सेमेन आणि आणखी एक गडी आठ दिवसांसाठी देशील का? माझी माणसं कप्तानाच्या साखळ्या ओढण्यात अडकली आहेत. सोबत मधाचा केक पाठवतो, युस्तिनाने केला आहे.

तुझा ओनुफ्री

*

बोरोवित्सा, ६ एप्रिल १७७४

ओनुफ्री,

ईस्टरच्या शुभेच्छा. रंगवलेली बारा अंडी पाठवते आहे, प्रोकोपच्या टोपीतून नव्हे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी घाबरले आणि नंतर देवाचे आभार मानले. घाबरले अशासाठी, की त्यांनी लव्हाळ्याचा फाटा धरला तर मधली सगळी पट्टी जाईल, बोरोवित्सासकट. आणि आभार अशासाठी, की तो माणूस हे विचारायला दुसऱ्या कुणाकडे न जाता तुझ्याकडे आला. नदी कुठली हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? कुरणासाठी तू कोर्टात काय वाटेल ते बोलत असशील, ते सगळेच बोलतात. पण तुझ्या पाठीला ठाऊक आहे.

आठवतं? तू सात वर्षांचा होतास, मी अकरा. बाबांनी तुला पाणचक्कीच्या फाट्यावरच्या शिवेच्या टेकाडावर उभं केलं. टेकाडाखाली शिवेची खूण म्हणून विटेचा तुकडा, काच आणि कोळसा पुरलेला दाखवला, आणि मग ओल्या वेताने फोडून काढलं. "विसरू नकोस. इथे आपलं संपतं." सगळ्या वडिलांनी सगळ्या थोरल्या मुलांना असंच शिकवलं, म्हणून त्या दिवशी मला त्यात काही वाईट वाटलं नाही. घरी आणून मी तुझ्या पाठीला बदकाची चरबी लावली. तू उशीत तोंड खुपसून म्हणालास, "ताई, बाबांना सांग, मी विसरणार नाही, पण आता पुरे."

तेव्हा कप्तानाला त्या टेकाडावर घेऊन जा. कुरण जाईल. जाऊ दे रे. मी माझ्याकडचं गवत तुला देईन, वर्षाला वीस गाड्या, कागद करून देते हवं तर.

सेमेन आणि दुसरा गडी सुखरूप परतले, पण दोघंही इतके प्यालेले की गाडीतून उतरवावे लागले. तळ्याच्या बांधावर गेलेल्या माणसांच्या कपड्यांना चिखल असतो. यांच्या कपड्यांना काजळी होती. तू त्यांना कोळशाच्या भट्टीवरही राबवलंस वाटतं. दुसऱ्याचे गडी म्हणून असं वापरू नये.

केक चांगला होता.

तेक्ला

*

कामिओंका, १ मे १७७४

ताई,

जिंकलो!

बावीस वर्षांत जे पाच न्यायाधीशांना जमलं नाही ते कप्तान फेल्डरने अर्ध्या तासात केलं. कागद बघितले, अकरा साक्षीदार ऐकले, टेकाड उकरून बघितलं, आणि घोड्यावर बसल्या बसल्याच म्हणाला, "स्पष्ट आहे." कुरण माझं. कास्पर तिथेच उभा होता. त्याच्या मिशा अशा खाली आल्या की मला वाटलं आता गळून पडतात. "हा न्याय नाही," म्हणाला. मी म्हटलं, "कास्परभाऊ, बावीस वर्षं तुम्हीही हेच म्हणत होता ना, की न्याय लवकर मिळत नाही? घ्या, मिळाला." युस्तिना म्हणते, त्या दिवसापासून मी झोपेत हसतो.

आता दुसरी गोष्ट. तू रागावशील, पण नीट विचार कर. सीमा लव्हाळ्याच्या फाट्याने गेली तर आपण दोघं एकाच राज्यात येतो. पूल नाही, शिपाई नाहीत, टोपी नाही. दर रविवारी जेवायला येत जा. महाराणी कॅथलिक आहे, विधवा आहे, तुझ्यासारखीच. आणि अंब्रोझीची कबर जिथे आहे तिथेच राहणार. कुणी तिला उचलून नेणार आहे का?

आणखी सविस्तर भेटीत. कुरणावर पहिली कापणी होईल तेव्हा ये. मेजवानी करतो आहे.

तुझा ओनुफ्री

*

बोरोवित्सा, ९ मे १७७४

ओनुफ्री,

पत्र वाचलं आणि बाहेर जाऊन ओकले. हे लिहिण्याची पद्धत म्हणून लिहीत नाही, खरोखर ओकले, गोठ्यामागे. हाफियाने पाणी आणून दिलं. सेमेनची बायको ती. मला पाणी देता देता रडायला लागली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

लव्हाळ्याच्या फाट्यावर कधीच टेकाड नव्हतं. ते तू मार्चमध्ये उभारलंस, माझ्या गड्यांकडून, एका केकच्या बदल्यात. तुझ्या भट्टीतला गेल्या हिवाळ्याचा कोळसा त्यांनी पाटीने वाहून नेला. वर गवताचे जुने गड्डे लावले, म्हणजे पन्नास वर्षांचं दिसावं. रोज अर्धं मडकं दारू. अकरा साक्षीदारांना पूर्ण मडकं. त्यातला एक जण क्रूसावर हात ठेवून शपथ घेताना उलटी करून मोकळा झाला म्हणे, आणि तू कप्तानाला सांगितलंस की म्हाताऱ्याला भावना आवरल्या नाहीत.

मी त्या केकचे तुकडे करून घरातल्या सगळ्यांना वाटले होते.

मला कप्तानाचा राग येत नाही, हे विचित्र आहे. तो चोरी करायलाच आला आहे आणि त्याचा धनी त्याला त्याचे पैसे देतो. पण तू! घरात दरोडेखोर शिरला, आणि तू त्याचा हात धरून म्हणालास, "साहेब, आत आणखी एक खोली आहे, तिथे बहीण झोपते, तीही घ्या, फक्त जाताना तेवढं शेजाऱ्याचं कुरण माझ्या नावावर करून जा." तुला त्यात फायदा दिसला असता तर मी समजले असते. एका कुरणाचं गवत, ओनुफ्री! ऑगस्टमध्ये त्याला बुरशी येते.

आणि शिसारी फक्त तुझीच येते असंही नाही. हाफिया डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "मालकीणबाई, रागावू नका, एक विचारू? तिकडच्या राणीकडे आठवड्याला वेठीचे दिवस किती असतात?" आमच्याकडे चार आहेत. मला उत्तर माहीत नव्हतं. म्हणाली, "तीन असतील तर बरं होईल." मग जीभ चावून आत गेली. अंब्रोझी कशासाठी मेला ते मी तिला सांगू शकले नाही. तिच्या सेमेनला मी तुझ्याकडे आठ दिवसांसाठी पाठवलं, तेव्हा तरी त्याला कुठे विचारलं होतं?

कप्तानाला जाऊन खरं सांग. अजून वेळ आहे.

तेक्ला

*

कामिओंका, १५ जून १७७४

ताई,

महिनाभर हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

हो, टेकाड मी केलं. आणि तू म्हणतेस ते खरं आहे, पाठीला ठाऊक आहे. शपथ घेताना पाठ खाजली. पण तू मला एकट्यालाच का धरतेस? आपल्या सभेत तहावर सह्या करणाऱ्यांनी काय घेतलं ते सगळ्या देशाला माहीत आहे. मी निदान माझ्या बापाच्या सनदेवरचं मागितलं. तू ज्याला प्रजासत्ताक म्हणतेस त्याची जिल्हा सभा मी स्वतः मोडली आहे. एक माणूस उभा राहून "मला मान्य नाही" म्हणाला की सगळं रद्द! आणि मी ते कशासाठी म्हणालो होतो? कास्परला माझ्या वरच्या बाकावर बसवलं म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंब्रोझीनेही वाजवल्या, तुला आठवत असेल. असा देश कुणीतरी घेणारच होतं, ताई.

आता कामाचं. सप्टेंबरात दोन्ही बाजूंचे पंच येणार आहेत, आपले वॉर्साहून आणि त्यांचे. मधल्या पट्टीतली जमीनदार म्हणून तुझी साक्ष घेतील. तू खरं सांगितलंस तर माझी खोटी शपथ उघडी पडेल. कप्तान सांगत होता, नव्या कायद्यात त्याला काय शिक्षा आहे. जमीन जप्त, आणि आणखी जे आहे ते लिहवत नाही. युस्तिनाला दिवस गेले आहेत. चाळीस वर्षांची आहे ती.

गप्प राहा असंही म्हणत नाही. आजारी पड. सप्टेंबरात सगळेच आजारी पडतात.

ओनुफ्री

*

बोरोवित्सा, २२ सप्टेंबर १७७४

ओनुफ्री,

मी आजारी पडले नाही. काय झालं ते तुला कुणी काहीबाही सांगण्याआधी माझ्याकडून ऐक.

ते नऊ जण लव्हाळ्याच्या फाट्यावर आले. तीन आठवडे पाऊस नव्हता. फाटा कोरडा पडला होता, नेहमी पडतो तसा. म्हणजे ज्याला दोन राज्यांमधली मोठी नदी ठरवायचं होतं त्याच्या मधोमध नऊ माणसं उभी होती आणि त्यांच्या बुटांवर धूळ बसत होती. आपल्या पंचांनी रुमाल काढून बूट पुसले. त्यांच्या हातात तपकिरीची नवी डबी होती, सोन्याची, आणि झाकणावर व्हिएन्नाची ती बाई. झाकण उघडताना ते तिच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवत, कुणाला दिसू नये म्हणून. त्यामुळेच ते सगळ्यांना दिसत होतं.

रात्रभर मी युस्तिनाचा विचार केला होता. तुझाही केला. सात वर्षांच्या तुझा. क्रूसावर हात ठेवला तेव्हाही काय बोलेन ते मला ठाऊक नव्हतं. मग त्या कोरड्या वाळूकडे बघितलं आणि सांगितलं. नदी म्हणजे पाणचक्कीचा फाटा. तिथलं टेकाड खरं, हे खोटं. हे माझ्या भावाने मार्चमध्ये माझ्या माणसांकडून उभारलं.

कप्तान फेल्डरने टेकाड पुन्हा उकरायला लावलं. कोळशाचा तुकडा हातात घेतला, मोडला, नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "याला अजून धुराचा वास आहे." आणि आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "बाईंचं म्हणणं लिहून घ्यावं लागेल."

मला वाटलं, झालं. बोरोवित्सा राहिलं.

तेवढ्यात आपल्या पंचांनी आपल्या कारकुनाच्या कागदावर हात ठेवला. "कशाला?" म्हणाले. "आमची काही तक्रार नाही."

कप्तान म्हणाला, "पण बाईंच्या साक्षीने ही जमीन तुमच्याकडेच राहते आहे, महाराज."

"तीनशे कोस सीमा आहे," आपले पंच म्हणाले. "थंडीच्या आत संपवायची आहे. माझे दोन घोडे लंगडतात. प्रत्येक ओढ्यापाशी एकेका विधवेचं ऐकत बसलो तर म्हातारे होऊ." मग माझा हात हातात घेऊन, अगदी हळू आवाजात, बापासारखे म्हणाले, "बाई, भावाला भरचौकात खोटं पाडता? घराण्याची अब्रू काय राहील?"

"देशाची?" मी म्हटलं.

"ती बघायला आम्ही आहोत," म्हणाले, आणि माझ्या हाताचं चुंबन घेतलं. त्यांच्या मिशांना तपकिरीचा वास येत होता. घरी येऊन मी तो हात राख लावून घासला.

कारकुनाने टाक खाली ठेवला. कप्तानाने खांदे उडवले आणि मला वाकून नमस्कार केला. तिथे जमलेल्यांत तेवढा एकच माणूस मला लाजलेला दिसला, आणि तो त्यांचा होता. हे मी कुणाला सांगू?

तर असं आहे. तू खोटं बोललास हे मी नऊ माणसांसमोर शपथेवर सांगितलं. ते कुठेही लिहिलेलं नाही. तू सुरक्षित आहेस, युस्तिनाचं बाळंतपण निश्चिंत होऊ दे. बुडालो आहोत ते आम्ही सगळे.

येत्या महिन्यात पुलावरचे शिपाई इकडे लव्हाळ्यापाशी येतील. तू म्हणतोस ते खरं आहे, आता आपल्यामध्ये सीमा राहणार नाही. म्हणून पत्रंही नकोत.

तेक्ला

*

कामिओंका, १० एप्रिल १७७५

ताई,

तू पत्र नको म्हणालीस, तरी लिहितो. जानेवारीत मुलगी झाली. युस्तिना बरी आहे. तुझ्यावरून नाव ठेवायचं म्हणत होती, मी म्हटलं आधी विचारू.

आमच्यावर फार मोठा अन्याय झाला आहे. ऐकून तुलाही संताप येईल. मार्चमध्ये नवा अधिकारी आला, कप्तान फेल्डर गेला. याने कुरणात खुंट ठोकले. म्हणतो, सीमेच्या मुख्य नदीकाठची दीडशे हात पट्टी सरकारची, शिपायांच्या घोड्यांसाठी. मी कागद दाखवले, खुद्द त्यांच्याच कप्तानाचा निकाल दाखवला. तो म्हणतो, "बरोबर. मुख्य नदी हीच, असं तुम्हीच शपथेवर सांगितलंय. म्हणूनच घेतोय." कुरणाचा तीन चतुर्थांश भाग गेला, ताई! कास्पर रोज कुंपणापाशी येऊन उभा राहतो. नुसता पाइप ओढतो.

पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. ल्वूवला नवीन न्यायालय सुरू झालं आहे. वकील बघितला, हुशार आहे, जर्मन फाडफाड बोलतो. तो म्हणतो, जिल्ह्यात एखादा प्रतिष्ठित साक्षीदार मिळाला, जो शपथेवर सांगेल की लव्हाळ्याचा फाटा ही मुख्य नदी कधीच नव्हती, तर पट्टीचा हुकूम टिकणार नाही. मी म्हटलं, असा साक्षीदार आहे.

जुनं काही बोलायची गरज नाही. टेकाड कुणी केलं वगैरे ते विचारणार नाहीत, आणि तूही काढू नकोस. नदी कुठली तेवढंच. खोटं काहीच बोलायचं नाही, ताई. खरंच सांगायचं आहे!

तारीख ४ मे. प्रवासाचं मी बघतो.

तुझा ओनुफ्री

*

बोरोवित्सा, १७ एप्रिल १७७५

ओनुफ्री,

ईस्टर झाला. बाळाला माझे आशीर्वाद. नाव दुसऱ्या कुणाचं ठेवा.

तुझं पत्र मी हाफियाला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही आणि मला एकटीने वाचवेना. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "धाकटे मालक मजेत आहेत म्हणायचं." नव्या राणीकडेही वेठीचे दिवस चारच आहेत, हे तिला आता कळलं आहे.

मी येते साक्षीला. यायचं नाही असं आधी ठरवलं होतं. मग रात्रभर... नाही, खरं तर लगेचच लक्षात आलं, की ल्वूवच्या न्यायालयातला कारकून परका आहे. त्याला ना तुझ्या अब्रूची काळजी, ना माझ्या. त्याचे घोडे लंगडत नाहीत. मी बोलेन आणि तो लिहील. माझ्या म्हणण्यासमोर कागद धरणारा माणूस मला अख्ख्या प्रजासत्ताकात मिळाला नाही, तो आता त्यांच्याकडे मिळतो आहे. असं म्हणताना तोंडाला कडू चव येते, पण येते तर येऊ दे.

तेव्हा नदी कुठली ते सांगेन. दुसऱ्या फाट्याला नदी कुणी ठरवलं, टेकाडाखालचा कोळसा कुणाच्या भट्टीतला होता, दारूची मडकी किती, शपथ कुणी घेतली, तेही सांगेन. आपल्या पंचांच्या डबीवर अंगठा कुठे होता ते सांगेन. सेमेनला मी कुणाला न विचारता पाठवलं होतं हेही सांगेन, कारण ते वगळलं तर माझंही म्हणणं अर्धंच राहील. तुझ्या वकिलाने अर्धंच विचारलं तरी मी पूर्ण सांगेन, आणि कारकुनाचं लिहून झाल्याशिवाय खुर्चीतून उठणार नाही.

त्याने तुझं कुरण परत येईल की कामिओंकाही जाईल, ते मला माहीत नाही. बोरोवित्सा परत येणार नाही हे माहीत आहे.

ल्वूवला दोन दिवस लागतात. माझ्या घोड्यांपैकी एक शिपायांनी नेला, त्यामुळे माझी गाडी चालत नाही. तू प्रवासाचं बघतो म्हणाला आहेस. दोन तारखेला सकाळी मी कपडे करून दारात बसलेली असेन. गाडी पाठवायची की नाही ते तू ठरव.

तेक्ला